कीबोर्ड मधोमध खचतो. भाऊजींना सांगायचं कसं?

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या काही वकिलांचं टायपिंग त्या घरून करतात. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, जुन्या मराठी दस्तांच्या स्वच्छ प्रती. शिकल्या रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर आल्या. जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून सीताबर्डीतून ४२ हजारांचा नवा घेतला. दुकानदार दिरांच्या ओळखीचा, मॉडेलही भाऊजींनीच निवडलं, भाव कमी करून दिला तोही त्यांनीच. घेऊन तीन आठवडे झाले. कीबोर्ड मधोमध बाजेसारखा झोळ देतो, टाइप करताना सगळंच वरखाली होतं, स्पेसबार खडखडतो, अक्षरं सुटतात आणि कधी कधी मजकूर भलत्याच ओळीत जाऊन पडतो. दुकानदार म्हणतो, "ताई, आजकालचे लॅपटॉप असेच राहतात, बिनधास्त वापरा." भाच्याने एक व्हिडिओ पाहिला आहे, तो म्हणतो खोलून खाली फोम भरून देतो. ताई विचारतात: खोलू द्यावा, दुकानात भांडावं की सवय करून घ्यावी? शेवटी लिहितात, "एवढ्याशा गोष्टीसाठी घरात वाद नको. महागाचा घेतला असता तर ही वेळच आली नसती."

ताई, दिवसभर ज्याच्यावर बोटं चालतात आणि ज्याच्यावर घरात चार पैसे येतात, त्या वस्तूची तक्रार एवढीशी कशी म्हणायची? आधी यंत्राचं बघू, भाऊजींचं नंतर. फक्त एक काम आजच करा. बिल शोधून त्यावरची तारीख बघा. तीन आठवडे होऊन गेलेत, आणि पुढचा आठवडा का महत्त्वाचा आहे ते खाली येईलच.

कीबोर्ड दबतो म्हणजे आत काहीतरी सुटलं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण अजिबात काही न सुटलेला, कारखान्यातून आला तसाच असलेला कीबोर्डही दबतो, आणि त्या दोन दुखण्यांचं औषध एक नाही.

लॅपटॉप दुरुस्त करणारी मंडळी त्याच्या चार अंगांना ए, बी, सी, डी पॅनल म्हणतात. झाकणाची बाहेरची बाजू ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी, कीबोर्ड आणि टचपॅड ज्यात बसवतात ते सी, आणि बूड डी. तुमच्या किमतीच्या बहुतेक मॉडेलांत सी पॅनल प्लॅस्टिकचं असतं. कीबोर्डला मागून पातळ पत्रा असतो. तो या पॅनलला खालच्या अंगाने लावतात आणि प्लॅस्टिकचे बारीक खुंट गरम करून त्यांची डोकी चपटी करून टाकतात. असे खुंट डझनावारी असतात. स्क्रू फार थोडे, कधी कधी एकही नाही. कीबोर्डखाली मधल्या भागात आधार कमी असेल तर तो भाग बोटाखाली लवतो. ही त्या मॉडेलची घडण झाली. याउलट दोन-चार खुंट नीट बसलेच नसतील, पॅनलची एखादी खाच अडकली नसेल किंवा बुडाचा एखादा स्क्रू सैल असेल, तर तो दोष. दुकानदार अर्धं खरं बोलला आहे. हलके, पातळ लॅपटॉप थोडे लवतात. पण खडखडणारा, एका बाजूने उचललेला कीबोर्ड "असाच राहतो" हे खरं नाही.

आणि महागाचा घेतला असता तर ही वेळ आली नसती, हेही मनातून काढा. धातूच्या बांध्याचे लॅपटॉप कमी लवतात हे बरोबर, पण जास्त पैसे बऱ्याचदा प्रोसेसर, स्क्रीन आणि पातळपणासाठी मोजलेले असतात. साठ-सत्तर हजारांतही झोळ देणारे कीबोर्ड मिळतात.

घरीच एक तपासणी करा. लॅपटॉप बंद करून पक्क्या टेबलावर ठेवा. पलंगावर, मांडीवर किंवा टेबलक्लॉथवर नको. आधी चारही कोपरे एकेक करून हलकेच दाबा. लॅपटॉपच डगमगला तर बुडाचा एखादा रबरी पाय कमी-जास्त आहे, आणि तुम्हाला जाणवणाऱ्या वरखाली होण्यातला काही वाटा त्याचा आहे. मग टाइप करताना जेवढा जोर देता तेवढाच देऊन एका बोटाने डावा कोपरा, उजवा कोपरा, स्क्रीनकडची कड, स्पेसबारची कड आणि शेवटी जी, एच, बी या कळांचा मधला भाग दाबत जा. मधला भाग एकसारखा, आवाज न करता लवत असेल आणि कडा घट्ट असतील तर घडण. एकाच जागी टक् असा आवाज होऊन खाली जात असेल, बोट उचलल्यावर पुन्हा टक् करून वर येत असेल, किंवा कीबोर्डच्या कडेला एका बाजूने जास्त फट दिसत असेल तर दोष. स्पेसबारचं वेगळं आहे. तो लांब असल्यामुळे दोन्ही टोकं सारखी खाली जावीत म्हणून त्याखाली बारीक तार असते आणि तिचा थोडा आवाज बहुतेक लॅपटॉपांत येतो. एका टोकाला दाबल्यावर दुसरं टोक वरच राहत असेल तर मात्र तार खाचेतून निघाली आहे.

याच वेळी लॅपटॉप डोळ्यांच्या रेषेत आणून बाजूने बघा. टचपॅड मधून फुगल्यासारखा वाटतो का, बुडाला पोट आलं आहे का, झाकण पूर्वीसारखं मिटत नाही का? यातलं काहीही असलं तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यायची. मग कीबोर्ड दाबून बघणं थांबवा, चार्जर काढा, लॅपटॉप बंद ठेवा आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्या. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. नव्या लॅपटॉपमध्ये हे क्वचित होतं, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि त्या दिवसांत स्कूटीच्या डिकीत लॅपटॉप ठेवून लोक तासभर कोर्टाच्या कामाला जातात. तसं करत असाल तर बंद करा. बॅटरीला उष्णतेइतकं वाईट दुसरं काही नाही.

अक्षरं सुटण्याचं आणि मजकूर भलत्या ओळीत पडण्याचं खापर तुम्ही झोळावर फोडलं आहे. मला ते पटत नाही. मजकूर दुसऱ्या ओळीत जातो याचं नेहमीचं कारण म्हणजे टचपॅडला लागणारा तळहात. कीबोर्ड लवला की हात खाली येतो, अंगठ्याखालची गादी टचपॅडला टेकते, कर्सर उडी मारतो, आणि "अर्जदार" हा शब्द गैरअर्जदाराच्या परिच्छेदात जाऊन बसतो. माउस लावा आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसखाली टचपॅडमध्ये जाऊन माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याची खूण काढून टाका. माझा अंदाज आहे, अर्धा त्रास तिथेच संपेल. सुटणाऱ्या अक्षरांसाठी नोटपॅड उघडून नेहमीच्या मजकुराचं एक पान टाइप करा. दर वेळी तेच एक अक्षर सुटत असेल तर त्या कळेत दोष आहे आणि तो वॉरंटीत बसतो. वेगवेगळी अक्षरं सुटत असतील तर थोडं हाताकडे बघावं लागेल.

राग मानू नका. रेमिंग्टनच्या यंत्रावर शिकलेला हात वेगळाच असतो. तिथे बोटाच्या जोरानेच दांडा उचलला जाऊन फितीवर आदळायचा, खाली कार्बन लावून प्रती काढायच्या असायच्या, म्हणून दणका द्यावाच लागायचा. साध्या डेस्कटॉप कीबोर्डची कळ साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते, लॅपटॉपची जेमतेम एक ते दीड. तिथे तोच दणका पडला की कळ तळाला आपटते आणि उरलेला जोर पॅनलला बसतो. जोराने मारणारा हात घट्ट कीबोर्डलाही थोडा लववतो. याचा अर्थ चूक तुमची असा नाही. इतकंच की लॅपटॉपचा कीबोर्ड, कितीही चांगला असला तरी, तुमच्या हातासाठी आणि इतक्या कामासाठी केलेला नाही.

म्हणून लॅपटॉपचा निकाल काहीही लागो, एक साधा वायरवाला पूर्ण आकाराचा यूएसबी कीबोर्ड घ्याच. पाचशे-सातशे रुपयांपासून मिळतो. दुकानात डब्यातून बाहेर काढून, टेबलावर ठेवून, दोन ओळी टाइप करून घ्या. मराठीची मांडणी कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, कीबोर्डच्या डब्यात नव्हे; तुमची रेमिंग्टनची मांडणी कोणत्याही कीबोर्डवर चालेल. लॅपटॉपखाली स्टँड किंवा जाडजूड पुस्तकं ठेवून स्क्रीन डोळ्यांसमोर आणलीत तर मानेलाही आराम. वकिलांच्या कामात तारखा, खटल्यांचे नंबर, रकमा भरपूर. उजवीकडचे आकडे हाताशी आले की वेग वाढतो तो वेगळाच.

आता भाच्याचा फोम. मुलगा हुशार आहे आणि मावशीसाठी धडपडतो आहे, त्याला नाउमेद करू नका. पण आत्ता खोलू देऊ नका. त्याने पाहिलेला व्हिडिओ बहुधा जुन्या लॅपटॉपचा असावा. तेव्हा कीबोर्ड वरून बसायचा. एका कडेला खिट्या, बुडाकडून एक-दोन स्क्रू, आणि स्क्रूजवळ कीबोर्डचं छोटंसं चित्र. तो सैल झाला तर स्क्रू आवळायचा, फार तर खाली पातळ पट्टी टाकायची, झालं काम. तुमच्या लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या मागच्या अंगापर्यंत पोचायचं तर बूड काढा, बॅटरी काढा, मदरबोर्ड उचला, तेव्हा कुठे तो दिसतो. वाटेत कीबोर्डची चपटी रिबन केबल आहे. तिच्या सॉकेटची पट्टी नखाएवढी असते. ती चुकीच्या बाजूने उचलली तर तुटते आणि दबणारा का होईना, चालणारा कीबोर्ड पूर्ण बंद पडतो. बुडाचे स्क्रूही सगळे एका लांबीचे नसतात. आखूडच्या जागी लांब गेला तर तो वरच्या पॅनलला फोड आणतो किंवा बोर्डात घुसतो.

फोम भरून काय होतं तेही सांगतो. कीबोर्डखालची मोकळी जागा कंपनी विसरलेली नसते. तिथून हवा फिरते, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी आणि पंखा तिथेच असतो, आणि बॅटरीला थोडं फुगायला जागा लागते. ती जागा भरली की लॅपटॉप तापतो. फोम थोडा जाड झाला तर कळा खालून दाबल्या जाऊन आपोआप अक्षरं उमटतात, किंवा मधला भाग उचलला जाऊन झाकण मिटल्यावर कळांचे ठसे स्क्रीनवर उठतात. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन बाजूंनी चिकटणारी टेप पाघळून सरकते ते आणखी वेगळं. आणि कुणी चांदीचा कागद घालायला सांगितला तर त्याला घराबाहेर काढा. तो वीजवाहक आहे, बोर्डाला लागला की खेळ खलास.

वॉरंटी संपल्यावर, कंपनीने हात वर केल्यावर, हे काम रोज करणाऱ्या कारागिराकडून बॅटरी आणि पंखा सोडून नेमक्या जागी पातळ इन्सुलेशन टेपचे दोन थर लावून घेणं मी समजू शकतो. एक वर्ष तरी त्याचा विचार नको. फक्त खोलल्याने वॉरंटी जाते का, याचं उत्तर कंपनीगणिक बदलतं, तुमच्या कार्डावर बघून घ्या. खोलताना मोडलेलं काहीही कंपनी भरून देत नाही, यात मात्र कंपन्यांचं एकमत आहे.

हा प्रश्न दुकानातच सुटण्यासारखा आहे. त्याच मॉडेलचा दुसरा नग काउंटरवर मागा. शेजारी तुमचा ठेवा आणि दोन्हींवर तोच परिच्छेद, तोच हात. दोन्ही सारखेच लवले तर ही घडण आहे. कंपनी पॅनल बदलून देईल तेही तसंच लवेल. मग हक्काची भाषा न वापरता, फरकाचे पैसे देऊन दुसरं मॉडेल मिळतं का हे विचारायचं. ओळखीचा दुकानदार तीन आठवड्यांच्या नगावर काहीतरी मार्ग काढू शकतो, तीन महिन्यांच्या नगावर काढणार नाही. तुमचाच वेगळा दबतो असं दिसलं तर दोष सिद्ध झाला. दोन्ही कीबोर्ड एकामागून एक दाबतानाचा व्हिडिओ तिथल्या तिथे घ्या. कीबोर्डच्या पातळीवर, बाजूने मोबाइल धरायचा. वरून घेतलेल्या व्हिडिओत झोळ दिसत नाही. बुडाशी असलेला सीरियल नंबरही त्याच व्हिडिओत येऊ द्या.

तारखेचं म्हणालो ते यासाठी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही बिलाखालची ओळ सदोष मालाच्या आड येऊ शकत नाही. म्हणून या आठवड्यात दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते बघा, चुकीची असेल तर बिल जोडून दुरुस्त करून घ्या, आणि तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या.

दोघांनीही दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बरेचदा तिथे नोंद झाली की कंपनीकडून फोन येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची. एवढं असूनही नुसत्या झोळासाठी आयोगाची पायरी चढा असं मी सांगणार नाही. घडण आणि दोष यांतला फरक तिथे सिद्ध करता करता तुमचा लॅपटॉप जुना होईल. तुमच्या वकील मंडळींपैकी कुणाला विचारलंत तर तेही बहुधा हेच म्हणतील, आणि फी घेणार नाहीत.

राहिले भाऊजी. तक्रार केली म्हणजे त्यांच्या निवडीवर बोट ठेवलं, हे तुम्ही ठरवून टाकलं आहे. ते काय म्हणतात हे अजून विचारलंही नाही. दुकानात उभं राहून माणूस प्रोसेसर बघतो, रॅम आणि एसएसडी विचारतो, स्क्रीन किती इंचांची ते बघतो. पानभर टाइप करून कोण घेतं? भाऊजींनी आपल्या परीने चोख निवड केली असेल. ती करताना त्यांना लॅपटॉप हवा होता, तुम्हाला टाइपरायटर. हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण मला वाटतं तुम्हीही काउंटरवर गप्प होतात.

त्यांना वगळून दुकानात गेलात तर मात्र खरंच वाकडं दिसेल. दुकानदार संध्याकाळी त्यांना फोन करील आणि तुमची बाजू त्याच्या तोंडून पोचेल. त्यापेक्षा लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि सरळ म्हणा, "भाऊजी, हे जरा दाबून पहा बरं, टाइप करताना असं होते. तुमच्या ओळखीचं दुकान आहे म्हणून बरं झालं, तुम्ही सोबत चालले तर तो ऐकून घेईल." दोष दुकानाचा नाही, तुमचा नाही, नगाचा आहे, हे त्यांनी स्वतःच्या बोटाने बघितलं की पुढचं बोलणं तेच करतील. कंपनीची तक्रार मात्र तुमच्याच नावाने, तुमच्याच मोबाइलवरून करा. ती त्यांच्यावर सोपवलीत तर दर वेळी "भाऊजी, झालं का?" विचारावं लागेल, आणि घरातला वाद तिथून सुरू होतो.

ऑनलाइन घेतलेल्यांचं गणित याहून घाईचं. तिथे परत करण्याची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांची असते, म्हणून डबा उघडला त्याच दिवशी दोन पानं टाइप करून बघावीत आणि मुदत संपेपर्यंत डबा, थर्माकोल, पिशव्या काहीच टाकू नये. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी कीबोर्ड लवला तर आधी बुडाचे स्क्रू मोजावेत. एखादी जागा रिकामी असली म्हणजे तो आधी खोललेला आहे.

सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर पक्षकारांची सगळी कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपमधून काढून टाका. त्यांत लोकांच्या घरच्या भानगडी असतात, त्या टेक्निशियनसमोर नकोत. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्या, दुरुस्तीनंतर लॅपटॉप ती मागू शकतो. जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप जमा करताना ते भरतात त्या कागदावर, "चेकअप" असं मोघम लिहू देऊ नका. "कीबोर्ड मधोमध दबतो, डाव्या कडेला टक् आवाज येतो", जे असेल ते शब्दाला शब्द लिहून घ्या.

आणि परत घेताना काउंटरवरच सुरू करा. सी पॅनल बदलायला अख्खा लॅपटॉप मोकळा करावा लागतो, त्यामुळे कीबोर्ड नीट झाला तरी स्पीकर, टचपॅड, कॅमेरा, वायफाय आणि दोन्ही बाजूंचे यूएसबी चालतात का ते एकेक करून बघा, एक पान टाइप करा, बुडाचे स्क्रू मोजा, आणि मगच सही करा.